गॅरेजमध्ये नेली की गाडी सुरू होते!

“डॉक्टर, काय सांगू, तुमच्या दारात पाय ठेवला की दुखायचं थांबतंच बघा!”

माझ्या ओपीडीत आठवड्यातून दोन-चार वेळा तरी हे वाक्य ऐकू येतं. सोबत आलेला नातेवाईक हसतो, पेशंट ओशाळतो. घरी धडधड होत असते, चक्कर येत असते, छातीत आवळत असतं. तपासायला घ्यावं तर नाडी व्यवस्थित, बीपी व्यवस्थित, ईसीजी नॉर्मल. पेशंट घरी जातो तो ‘काही नाही हो तुम्हाला’ हा शेरा घेऊन. त्याच्या मनातला प्रश्न मात्र तसाच राहतो, की मग मला होतं ते काय?

अशा ‘कधी आहे, कधी नाही’ प्रकारच्या तक्रारींचं निदान कसं करायचं असतं, हे समजावून सांगायला गेल्या हिवाळ्यात मला एक छान उदाहरण मिळालं. ते दवाखान्यातलं नाही, माझ्या चुलत भावाच्या जुन्या डिझेल पिकअपचं आहे. म्हणून आज जरा गाडीबद्दलच सविस्तर लिहितो. गाडीतलं कळलं की शरीरातलं समजायला फार वेळ लागणार नाही.

तक्रार काय होती?

भावाची शेती निफाड तालुक्यात. पिकअप पंधरा वर्षांहून जुनी, पण इंजिन अजून ठणठणीत. हिवाळ्यात लाल कांदा निघाला की पहाटे गाडी भरायची आणि सकाळच्या लिलावाला नंबर लावायचा. लाल कांदा उन्हाळ कांद्यासारखा चाळीत साठवून ठेवता येत नाही. त्यामुळे लिलाव चुकला की नुकसान ठरलेलं.

आणि नेमकी पहाटेच गाडी दगा द्यायची. चावी फिरवली की फक्त ‘टक्’ असा एक आवाज. सेल्फ फिरतच नाही. पाच मिनिटांनी पुन्हा चावी फिरवली तर कधी सुरू व्हायची, कधी तिघाचौघांनी धक्का मारावा लागायचा. आठवड्यात दोनदा असं व्हायचं, मग सात-आठ दिवस काहीच नाही. अकरा वाजता गॅरेजमध्ये नेली की दहापैकी दहा वेळा एका झटक्यात सुरू! मेकॅनिक म्हणायचा, “भाऊ, गाडीत काहीच नाही.”

गाडीत काही नाही, मग दोष कोणाचा? ड्रायव्हरचा. गेली नऊ वर्षं भावाकडे काम करणारा हा माणूस. पण हळूहळू बोललं जाऊ लागलं, की थंडीत उठायचा कंटाळा, म्हणून बहाणे करतो. भावाने दुसरा ड्रायव्हर बघायला सुरुवातही केली. फोनवर त्याने मला हे सांगितलं तेव्हा मी जागा झालो, कारण हीच भाषा मी दवाखान्यात ऐकतो. ‘कामाच्या वेळी बरोबर हिचं डोकं दुखतं.’ ‘शाळेच्या वेळीच याच्या पोटात कळ येते.’ तपासणाऱ्यासमोर बिघाड दिसला नाही की संशय थेट माणसावर जातो.

चावी फिरवल्यावर नेमकं काय होतं?

गाडी सुरू होताना दोन वेगवेगळी सर्किटं काम करतात.

पहिलं सर्किट हुकूम देणारं. चावीच्या स्विचमधून एक बारीक वायर सेल्फवरच्या सोलेनॉइडपर्यंत जाते. तिच्यातून थोडासाच करंट वाहतो. तो पोचला की सोलेनॉइड आतला मोठा संपर्क जोडतो. आपल्याला ऐकू येणारा ‘टक्’ तो हाच.

दुसरं सर्किट प्रत्यक्ष काम करणारं. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून जाड केबल सेल्फला येते, सेल्फ इंजिन फिरवतो आणि करंट इंजिनच्या लोखंडातून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जातो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसवलेलं असतं आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन आणि चासी यांना जोडणारी एक जाड अर्थची पट्टी असते, बहुतेक वेळा तांब्याच्या तारांची वेणी घातलेली. डिझेल गाडीत सेल्फ मारताना या वाटेने दीडशे-दोनशे अँपिअर करंट जातो, थंडीत त्याहून जास्त.

हे समजलं की लक्षणंच बरंच काही सांगू लागतात:

• चावी फिरवली, डॅशबोर्डचे दिवे नीट आहेत, पण ‘टक्’सुद्धा नाही: हुकूम सेल्फपर्यंत पोचत नाही. स्विच, रिले किंवा बारीक वायर बघा.

• ‘टक्-टक्-टक्-टक्’ असा भराभर आवाज आणि दिवे मंद: बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल.

• एकच ‘टक्’, दिवे मात्र प्रखर: हुकूम पोचला, काम झालं नाही. सोलेनॉइडचा आतला संपर्क, जाड केबल किंवा अर्थ यांत अडथळा असू शकतो.

• सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही: सेल्फला दोष देऊ नका, डिझेलच्या बाजूला बघा.

पेशंटने ‘पोटात दुखतं’ एवढंच सांगितलं आणि ‘उजवीकडे बरगडीखाली, तेलकट खाल्ल्यावर तासाभराने, पाठीपर्यंत जातं’ असं सांगितलं, यात जेवढा फरक आहे, तेवढाच ‘गाडी सुरू होत नाही’ आणि वरच्या चार वाक्यांत आहे.

उपचार झाले, निदान राहून गेलं

आधी नवी बॅटरी टाकली. पंधरा दिवस गाडी छान चालली. सगळे म्हणाले, बॅटरीच होती! सोळाव्या दिवशी पुन्हा ‘टक्’. मग सेल्फ उतरवून नवे कार्बन ब्रश बसवले. दहा दिवस ठीक, मग पुन्हा तेच. मग चावीचा स्विच बदलला. बारा हजारांच्या आसपास खर्च झाला आणि तक्रार जागेवरच.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. जो त्रास मधूनमधून आपोआप थांबतो, त्याच्यावर कोणताही इलाज लागू पडल्यासारखा वाटतो. त्रास वाढतो तेव्हाच आपण इलाज करतो, आणि वाढलेला त्रास बऱ्याचदा स्वतःहूनच ओसरणार असतो. श्रेय मिळतं नव्या बॅटरीला, किंवा ताकदीच्या सलाईनला. शिवाय बॅटरी बदलताना टर्मिनल घासली जातात, सेल्फ उतरवताना आजूबाजूच्या वायरी हलतात, त्यानेही तात्पुरता फरक पडतो. त्यामुळे ‘आठ दिवस बरं वाटलं’ हा निदानाचा पुरावा होत नाही.

वही

मी भावाला एवढंच म्हटलं, की आता तीन आठवडे काहीही बदलू नका. ड्रायव्हरला एक वही द्या.

वहीत प्रत्येक वेळी लिहायचं: तारीख, वेळ, इंजिन गार की गरम, आवाज कसा, दिवे मंद झाले की नाही, आदल्या दिवशी गाडी कुठे फिरली, आणि शेवटी गाडी कशी सुरू झाली. गाडी व्यवस्थित सुरू झाली तरी नोंद करायचीच. हा शेवटचा नियम महत्त्वाचा, कारण बिघाड कधी होत नाही हे कळल्याशिवाय तो कधी होतो याला अर्थ येत नाही.

ड्रायव्हरने वही मनापासून भरली. आपलं म्हणणं कोणीतरी लिहून घेतंय, यानेच त्याला धीर आला असावा. तीन आठवड्यांत सात वेळा गाडी अडली. त्यांतल्या सहा वेळा सूर्योदयापूर्वी, इंजिन थंडगार असताना. एकदा दुपारी, पण इंजिन पाण्याने धुऊन घेतल्यावर. सातही वेळा एकच ‘टक्’ आणि दिवे प्रखर. इंजिन गरम असताना एकदाही नाही.

आता बघा, गॅरेजमध्ये गाडी कधी जायची? अकरा वाजता, पंधरा किलोमीटर चालून, गरम इंजिनाने. म्हणजे जी वेळ बिघाडाची नव्हतीच, त्याच वेळी रोज तपासणी होत होती! मेकॅनिक खोटं बोलत नव्हता आणि ड्रायव्हरही नाही.

पहाटेची तपासणी

ती वही घेऊन भाऊ तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेला. सगळे त्यांना नाना म्हणतात. नानांनी वही दोनदा वाचली आणि म्हणाले, “गाडी रात्री इथंच सोडा. सकाळी मी आल्याशिवाय कोणी चावीला हात लावायचा नाही.” तो रविवार होता आणि मला उत्सुकता होती, म्हणून मीही गेलो. निफाडची डिसेंबरातली पहाट कशी असते हे तिकडच्या लोकांना सांगायला नको. हात बाहेर काढवत नव्हता.

नानांनी आधी बॅटरीचा व्होल्टेज घेतला. १२.६. बारा व्होल्टच्या पूर्ण चार्ज बॅटरीचा आरामातला आकडा हाच. मग मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर टेकवून ड्रायव्हरला म्हणाले, “मार सेल्फ.”

‘टक्.’ आणि मीटरवर ४.८.

हा आकडा ०.२-०.३ च्या आत असायला हवा. इंजिनपासून बॅटरीपर्यंतच्या परतीच्या वाटेत जवळजवळ पाच व्होल्ट वाया जात होते. सेल्फच्या वाट्याला निम्मा व्होल्टेजच येत होता. त्यावर थंड डिझेल इंजिन कसं फिरणार?

नानांनी लगेच पाना हातात घेतला नाही. एक जाड जंपर केबल घेतली, तिचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं थेट इंजिनला लावलं. म्हणजे अर्थच्या वाटेला बायपास केला. “आता मार.” गाडी पहिल्याच झटक्यात सुरू! निदान पक्कं झाल्यावर ते गाडीखाली शिरले. अर्थची पट्टी बाहेरून अगदी धड दिसत होती. बोल्ट उघडल्यावर खाली गंजाचा थर निघाला, आणि वेणीतल्या बऱ्याचशा तारा टोकापाशी तुटलेल्या, उरलेल्या हिरव्या पडलेल्या.

नवी पट्टी बसवली, बोल्टची जागा घासून चकचकीत केली, वरून ग्रीस लावलं. खर्च पाचशे रुपयांच्या आत. पुन्हा मीटर लावला तर ०.१५. त्यानंतरही वही आणखी तीन आठवडे चालू ठेवली, थंडी होतीच. एकही ‘टक्’ नाही. भावाने दुसरा ड्रायव्हर शोधणं बंद केलं. ती जुनी पट्टी ड्रायव्हरने मागून घेतली आणि घरी नेली.

मग हा दोष आधी का दिसला नाही?

कारण तो भार पडल्याशिवाय दिसतच नाही. शाळेतला ओहमचा नियम आठवा: व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रोध. पट्टीतला रोध होता सुमारे ०.०४ ओहम. साध्या मल्टिमीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध याच्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळे गाडी बंद असताना मोजलं तर पट्टी ‘नॉर्मल’च दिसणार. याच वाटेने दोन अँपिअर सोडले तर ०.०८ व्होल्टचा फरक, कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण सव्वाशे अँपिअर मागितले की पाच व्होल्ट गेलेच!

दिवे प्रखर का राहायचे? कारण दिव्यांचा करंट चासीतून थेट बॅटरीला परतायचा, या पट्टीतून जायचाच नाही.

आणि दुपारी गाडी का सुरू व्हायची? थंडीत इंजिन ऑइल घट्ट होतं, इंजिन जड फिरतं, सेल्फ जास्त करंट मागतो, त्यात बॅटरीची ताकदही थंडीने कमी झालेली. गरम इंजिन हलकं फिरतं, मागणी कमी, अर्धवट पट्टीवरही भागून जातं. शिवाय धक्क्याने आणि हादऱ्यांनी तुटक्या तारांचा संपर्क अधूनमधून सुधारायचा.

आणखी एक गंमत सांगतो. नानांनी मला ॲक्सिलरेटरच्या केबलला हात लावायला सांगितला. ती चक्क कोमट लागत होती. मुख्य वाट अडली की करंट मिळेल त्या धातूच्या वाटेने परतायला बघतो. हृदयाची रक्तवाहिनी हळूहळू अरुंद होत जाते तेव्हा आजूबाजूच्या बारीक वाहिन्याही अशाच मदतीला येतात. आरामात त्यांच्यावर भागतं, जिना चढताना भागत नाही.

शरीरातही हेच

हृदयाच्या वाहिनीत अडथळा असलेल्या अनेकांचा झोपून काढलेला ईसीजी पूर्ण नॉर्मल असतो. दुखतं ते चालताना, चढताना, पोटभर जेवून लगेच चालल्यावर. म्हणून काही जणांना ट्रेडमिलवर चालवून किंवा इतर पद्धतीने हृदयावर भार देऊन तपासावं लागतं. ही तपासणी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायची. घरच्या घरी जिने चढून ‘बघू दुखतंय का’ असले प्रयोग अजिबात करू नका.

दम्याचं उदाहरण तर पिकअपच्या अगदी जवळचं. पहाटे तीन-चारला खोकल्याची उबळ, छातीत शिट्टी, आणि अकराच्या ओपीडीत छाती स्वच्छ! अशा वेळी सकाळ-संध्याकाळ पीक फ्लो मीटर फुंकून आकडे वहीत लिहिले की दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट होऊ शकतं.

धडधडीसाठी होल्टर मॉनिटर लावतात. अमेरिकन संशोधक नॉर्मन होल्टर यांचं सुरुवातीचं यंत्र पाठीवर बांधायचं होतं आणि वजन सुमारे ३८ किलो. आज ते खिशात मावतं. पण महिन्यातून एकदा धडधड होणाऱ्याला २४ तासांचा होल्टर लावला तर रिपोर्ट बहुधा नॉर्मलच येणार. त्याला जास्त दिवस नोंद करणारं यंत्र लागतं. म्हणजे तपासणी कोणती आणि किती काळाची, हेसुद्धा तुमच्या वहीवरून ठरतं.

तुम्ही काय लिहून आणाल?

• त्रास कधी सुरू झाला, किती मिनिटं टिकला, अचानक थांबला की हळूहळू.

• त्याआधी काय करत होतात: झोप, जेवण, चालणं, वाकणं, भांडण, एखादं औषध.

• त्या वेळी नाडीचे ठोके मिनिटाला किती, नियमित की अनियमित. घरी यंत्र असेल तर बीपी आणि मधुमेह असेल तर साखर.

• कसा थांबला: बसल्यावर, पाणी प्यायल्यावर, आपोआप.

• फिट किंवा बेशुद्धी असेल तर आधी पेशंटला कुशीवर वळवून सुरक्षित करा. मग दुसऱ्या कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला तर तो दहा पानी वर्णनापेक्षा जास्त सांगतो.

• कोणत्या दिवशी काहीच झालं नाही, तेही लिहा.

पण इथे वही लिहीत बसू नका

पिकअपसाठी तीन आठवडे थांबता आलं. काही तक्रारींसाठी तीन तासही थांबायचं नसतं. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलताना जीभ जड होणं, हे दहा मिनिटांत पूर्ण बरं झालं तरी त्याच क्षणी मोठं हॉस्पिटल गाठा. पाठोपाठ पक्षाघाताचा मोठा झटका येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो. बसल्या जागी छातीत आवळून घाम येणं, श्रम करताना शुद्ध हरपणं, अचानक दम लागणं, यांनाही हाच नियम. १०८ ला फोन करा. ‘आता बरं वाटतंय, उद्या बघू’ म्हणू नका.

आणि घरच्यांना एक विनंती. एकदा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून त्रास सांगणाऱ्या माणसाला खोटं पाडू नका. तो रिपोर्ट कोणत्या वेळी, कोणत्या स्थितीत काढला आणि त्रास कोणत्या वेळी होतो, एवढं डॉक्टरांना विचारा. दोन्ही वेळा जुळत नसतील तर तपासणी अजून पूर्ण झालेली नाही.